ओपीजी काढलाय, मग आता सीबीसीटी कशाला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ६२ वर्षांच्या, मधुमेह आहे, खालच्या डावीकडच्या दोन दाढा सहा वर्षांपूर्वी काढलेल्या. काढती-घालती कवळी त्यांना जमली नाही, ती डबीत पडून आहे. डॉक्टरांनी इम्प्लांट सुचवले (हाडात बसवायचा स्क्रू, ज्यावर दात बसतो), ओपीजी काढला आणि आता 'सीबीसीटी करून आणा' म्हणतायत, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. त्यातच तुमच्या १२ वर्षांच्या मुलीचा वरचा उजवा सुळा अजून आलेला नाही, आणि तिच्या तारा लावणाऱ्या डॉक्टरांनीही त्याच स्कॅनची चिठ्ठी दिली आहे. 'याचा खरंच उपयोग आहे, की मशीन घेतलंय म्हणून चालवायचं?' असं तुम्ही विचारलंय. वर रेडिएशनची धास्ती आहेच.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. आईंचा स्कॅन काढा. मुलीचा लगेच काढू नका, आधी दोन साध्या गोष्टी करून बघायला सांगा.

मी दातांचा रेडिओलॉजिस्ट. मी दात काढत नाही, रूट कॅनाल करत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवलेल्या पेशंटचे फोटो काढायचे, ते वाचायचे आणि रिपोर्ट लिहायचा, हेच गेली २२ वर्षं चाललंय. सुरुवातीची काही वर्षं डार्करूममध्ये फिल्म धुण्यात गेली. फिक्सरचे डाग पडलेला एक पांढरा कोट अजून घरी आहे. स्कॅन निघाला की पैसे माझ्याच गल्ल्यात येतात, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

ओपीजी म्हणजे काय ते आधी बघू. तुम्ही हनुवटी टेकवून उभे राहता, यंत्र डोक्याभोवती अर्धवट फिरतं आणि नालेच्या आकाराचा जबडा उलगडून एका सपाट चित्रावर येतो. पन्नास वर्षांहून जास्त काळ हे चित्र दंतवैद्यकाचा कणा आहे, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. एका नजरेत सगळे दात, दोन्ही सांधे, सायनसचा तळ, अक्कलदाढा, एखादी लपलेली गाठ, सगळं दिसतं. पण ती शेवटी सावली आहे. गालाकडचं हाड आणि जिभेकडचं हाड एकमेकांवर पडून एकच रेघ होते. शिवाय चित्र खऱ्यापेक्षा साधारण २० ते ३० टक्के मोठं येतं, तेही सगळीकडे सारखं नाही. मान जराशी तिरकी असली की एका बाजूच्या दाढा लठ्ठ आणि दुसऱ्या बाजूच्या रोड. कानात कुडी राहिली तर तिची भुताटकी सावली पलीकडच्या बाजूला, थोडी वर जाऊन पडते. नवशिके त्यालाही रोग समजतात. मीही एकदा समजलो होतो.

अळूवडीचा उंडा आठवा. बाहेरून बघून त्याची लांबी कळते, जाडीचा अंदाज येतो. आत बेसन कुठे जास्त लागलंय आणि कुठे पोकळ राहिलंय, ते काप पाडल्यावरच समजतं. सीबीसीटी तेवढंच करतो, जबडा न कापता काप पाडून दाखवतो. शंकूच्या आकाराचा किरणांचा झोत डोक्याभोवती एक फेरी मारतो, दहा-वीस सेकंदांत शेकडो फोटो निघतात आणि संगणक त्यांच्यापासून छोट्या-छोट्या घनांची एक रास रचतो. एकेका घनाची बाजू यंत्र आणि सेटिंगप्रमाणे साधारण ०.०७५ ते ०.४ मिलिमीटर. घन सगळ्या बाजूंनी सारखा असल्यामुळे काप उभा पाडा, आडवा पाडा, तिरका पाडा, माप तेच येतं. इटलीत व्हेरोनाच्या मंडळींनी १९९८ मध्ये दातांसाठीच्या अशा यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, त्याच सुमारास जपानमध्येही यावर स्वतंत्रपणे काम चालू होतं. मेडिकल सीटीचा हा धाकटा भाऊ. हाडाच्या बारकाव्यांत तो थोरल्याला मागे टाकतो, मऊ मांसाच्या बाबतीत मात्र जवळजवळ आंधळा आहे. हा आंधळेपणा पुढे एका ठिकाणी महत्त्वाचा ठरणार आहे.

आता आईंकडे येऊ. समजा, त्यांचा स्कॅन माझ्यासमोर उघडला आहे. आधी मी वरून दिसणाऱ्या कापावर जबड्याच्या कमानीवरून एक वळणदार रेघ ओढतो. मग खालच्या जबड्यातून जाणारी नस शोधतो. ती हाडातल्या एका बोगद्यातून जाते. मागून, घशाच्या बाजूने आत शिरते आणि पुढे हनुवटीजवळच्या छिद्रातून बाहेर येऊन खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. त्या बोगद्यावर मी एकेक ठिपका ठेवत लाल रेघ काढतो. हे काम घाईने करून चालत नाही. वयस्कर बायकांच्या विरळ हाडात बोगद्याच्या भिंती पुसट असतात, मग पुढच्या छिद्राकडून उलट मागे यावं लागतं. रेघ झाली की एकेक मिलिमीटरवर उभे काप. दाढा जिथे होत्या तिथले दहा-पंधरा काप मी सावकाश पुढे-मागे फिरवतो.

त्या कापांत मला तीन गोष्टी हव्या असतात. पहिली उंची. ओपीजीवर हाडाच्या माथ्यापासून नसेपर्यंत १४ मिलिमीटर दिसले आणि चित्र सव्वापट मोठं असलं तर खरे जेमतेम ११. नसेच्या वर निदान २ मिलिमीटर मोकळे सोडायचे हा आमचा नियम, म्हणजे राहिले ९. बारा मिलिमीटरचा इम्प्लांट मनात धरून बसलेल्या डॉक्टरचा बेत इथेच बदलतो.

दुसरी रुंदी, आणि ही ओपीजीवर दिसतच नाही. दात काढल्यावर हाड झिजतं, त्यातही गालाकडच्या बाजूने जास्त, आणि पहिल्या वर्षभरात सगळ्यात वेगाने. आईंना सहा वर्षं झाली आहेत. माथा कधी कधी सुरीच्या पात्यासारखा निमुळता झालेला असतो. चार मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटला दोन्ही बाजूंनी एक-दीड मिलिमीटर हाड हवं, म्हणजे माथ्याशी सहा-सात मिलिमीटर रुंदी लागते. हिरडी वरून जाड असली की बोटाला वाटतं हाड भरपूर आहे. स्कॅनवर चार निघतात. मग माथा थोडा घासून सपाट करायचा, बारीक इम्प्लांट घालायचा, की कृत्रिम हाड भरून चार-सहा महिने थांबायचं, हे आधीच ठरवता येतं. आईंना खर्चाचा आकडाही आधी कळतो. हिरडी उघडल्यावर 'अहो, हाड कमी निघालं, ग्राफ्टचे वेगळे पडतील' हे ऐकायची वेळ येत नाही. पेशंटच्या बाजूने बघितलं तर मला हा फायदा फार मोठा वाटतो, आणि माहितीपत्रकांत तो कधी लिहिलेला नसतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खालच्या दाढांच्या जागी जबड्याच्या आतल्या बाजूला, जिभेखाली, लाळेच्या ग्रंथीसाठी एक खळगा असतो. काहींचा उथळ, काहींचा इतका खोल की कापात हाड वरून रुंद आणि खाली एकदम आत वळलेलं दिसतं. ओपीजीवर हा खळगा फार तर एक काळपट छटा म्हणून दिसेल, त्याची खोली मोजता येत नाही. सरळ उभं ड्रिल घातलं तर ते जिभेच्या बाजूने हाडाबाहेर जाऊ शकतं. तिथे रक्तवाहिन्या आहेत. फुटली तर तोंडाच्या तळाशी रक्त साचतं, जीभ वर उचलली जाते आणि श्वासनलिकेवर दाब येतो. क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा दवाखान्यातून थेट आयसीयू. एका कापात हे वळण दिसलं की डॉक्टर ड्रिल थोडं तिरकं धरतो किंवा आखूड इम्प्लांट निवडतो, एवढ्यावर भागतं.

नसेचंही एक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आले होते. इम्प्लांट दुसरीकडे झालेला, स्कॅन न काढता. म्हणाले, 'दाढी करताना कापलं तरी आरशात रक्त दिसेपर्यंत कळत नाही. चहा पिताना ओठावरून ओघळतो, बायको खुणावते तेव्हा पुसतो.' कापात इम्प्लांटचं टोक बोगद्याच्या छपरातून सुमारे एक मिलिमीटर आत गेलेलं. ते माझ्याकडे आले तेव्हा पाच महिने होऊन गेले होते. नस दुखावल्यावर इम्प्लांट लवकर, पहिल्या एक-दोन दिवसांतच मागे घेतला तर संवेदना परत येण्याची आशा बरी असते; पाच महिन्यांनी मी त्यांना फारसं आश्वासन देऊ शकलो नाही.

स्कॅन झाला की त्याच्यावर तोंडातल्या स्कॅनरने घेतलेला दात-हिरडीचा साचा बसवून इम्प्लांट संगणकावर आधी 'लावून' बघता येतो, आणि त्या कोनाचं प्लास्टिकचं गाइड छापून घेता येतं. चांगली सोय आहे, विशेषतः ओळीने तीन-चार इम्प्लांट असतील तेव्हा. पण गाइड म्हणजे रेल्वेचे रूळ नव्हेत. चांगल्या हातातही ठरवलेल्या आणि प्रत्यक्षातल्या जागेत एखाद मिलिमीटर आणि काही अंशांचा फरक पडतो. ते २ मिलिमीटर मोकळे ठेवायचे ते यासाठीही. दोनच दाढांसाठी, मोकळ्या जागेत, अनुभवी डॉक्टर गाइडशिवाय काम करतो म्हणाले तर घाबरू नका.

एका बाबतीत सावध करतो. काही रिपोर्टांत हाडाची घनता एककांत लिहून येते, 'साडेआठशे' वगैरे. मेडिकल सीटीवर त्या आकड्याला अर्थ आहे, कारण तिथे पाणी शून्य धरून मोजमाप बांधलेलं असतं. सीबीसीटीत तोच आकडा यंत्रागणिक, डोकं यंत्रात कुठे होतं त्यागणिक बदलतो. मी तो लिहितच नाही. डॉक्टरांनी फार आग्रह धरला तर 'मध्यम', 'विरळ' असं शब्दांत लिहितो. आणि आईंची साखर कुठल्याच स्कॅनमध्ये दिसणार नाही. इम्प्लांट हाडात धरेल की नाही यात एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, वाटा स्कॅनपेक्षा कमी नाही. तो रिपोर्ट तीन महिन्यांहून जुना असेल तर नवा करा.

आता लेक. वरचा सुळा साधारण ११ ते १२ व्या वर्षी येतो, मुलग्यांत थोडा उशिरा. म्हणजे अजून फार उशीर झालेला नाही. पण एक बघायला हवं. दहाव्या-अकराव्या वर्षापासून हा सुळा यायच्या आधी हिरडीवर गालाच्या बाजूने बोटाला टेंगळासारखा लागतो. डावीकडे लागतो आणि उजवीकडे लागत नाही, असं असेल तर तो टाळूकडे सरकला असण्याची शंका. ही तपासणी बोटाने होते, अर्ध्या मिनिटात, फुकट. चिठ्ठी लिहिण्याआधी ती झाली होती का, हे डॉक्टरांना विचारा. न रागावणारे डॉक्टर असतील तर हसून करून दाखवतील.

दुसरी साधी गोष्ट म्हणजे त्याच जागेचे दोन छोटे एक्स-रे, नळीचा कोन थोडा बदलून. एसटीत खिडकीशी बसलं की जवळची बाभळीची झुडपं मागे पळतात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर येतो, तसंच हे आहे. नळी ज्या दिशेला सरकवली त्याच दिशेला सुळ्याची सावली सरकली तर सुळा लांब, म्हणजे टाळूकडे. उलट्या दिशेला गेली तर गालाकडे. शंभर वर्षांहून जुनी युक्ती आहे आणि अजून चालते. सुळा थोडासाच टाळूकडे असेल, मुलगी १०–१३ च्या आसपास असेल आणि जबड्यात जागा असेल, तर नुसता दुधाचा सुळा काढूनही पक्का सुळा वळणावर येऊ शकतो. स्वीडनमधल्या १९८८ च्या एका अभ्यासात असे ४६ सुळे होते. दुधाचा दात काढल्यावर त्यांतले ३६ आपापल्या वाटेला लागले. स्कॅनशिवाय हे जमणार असेल तर कशाला हवा?

मग स्कॅन कधी? सुळ्याचं टोक शेजारच्या पटाशीच्या मुळावर चढलेलं ओपीजीत दिसत असेल, किंवा भूल देऊन हिरडी उघडून सुळ्याला साखळी लावायचं ठरत असेल, तेव्हा काढावा. कारण अडकलेला सुळा शेजारचं मूळ खातो, आणि साध्या एक्स-रेत ते मूळ सुळ्याच्याच सावलीत दडलेलं असतं. एका १४ वर्षांच्या मुलीच्या स्कॅनमध्ये मला पटाशीचं मूळ टाळूच्या बाजूने अर्ध्यापर्यंत खाल्लेलं दिसलं. दात हलत नव्हता, दुखत नव्हता, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्या डॉक्टरांचा बेत होता जागा करण्यासाठी चांगली उपदाढ काढायचा. तो थांबला. सुळा आधी त्या मुळापासून दूर ओढायचा, आणि काढायचाच दात झाला तर तो मूळ खाल्लेलाच, असा बेत फिरला. स्कॅनचे पैसे अशा वेळी वसूल होतात. मुलीचा काढावा लागलाच तर पूर्ण चेहऱ्याचा नको, फक्त त्या भागाचा, साधारण ५ बाय ५ सेंटिमीटरचा. तारा लावण्याआधी 'रेकॉर्ड म्हणून' प्रत्येक मुलाचा मोठा स्कॅन काढायची पद्धत काही ठिकाणी पडली आहे, ती मला मान्य नाही.

अक्कलदाढेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वाचणारे विचारतीलच. बहुतेक अक्कलदाढा ओपीजीवर निघतात. मुळावर काळा पट्टा आलाय, नसेच्या बोगद्याची पांढरी रेघ मुळाशी तुटलीय किंवा बोगदा तिथे वळलाय, असं काही दिसलं तर स्कॅनला अर्थ आहे. नस मुळांच्या जिभेकडे आहे की दोन मुळांच्या मध्ये, ते कळतं. मध्येच असेल तर वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवायचा पर्यायही निघतो. मात्र युरोपात झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत नुसता सीबीसीटी काढल्याने ओठ बधिर होण्याचं प्रमाण ठळकपणे कमी झालेलं दिसलं नाही. चित्राने सर्जनला जागा कळते, दात शेवटी हातानेच निघतो.

रूट कॅनालमध्ये मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे वरची पहिली दाढ. तिच्या पुढच्या गालाकडच्या मुळात बऱ्याचदा एक दुसरी, केसाएवढी नळी असते. ती राहिली की दाढ वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा ठणकते आणि रूट कॅनाल 'फेल' म्हणून खापर फुटतं. आरव्हीजीत, म्हणजे तोंडात सेन्सर ठेवून काढलेल्या छोट्या एक्स-रेत, सगळ्या मुळांच्या सावल्या एकावर एक, वर गालाच्या हाडाची सावली. आडव्या कापात ती नळी मुळाच्या मध्यापासून बाजूला पडलेल्या ठिपक्यासारखी दिसते. एक बाई वर्षभर नाक-घशाच्या डॉक्टरांकडे हेलपाटे घालत होत्या, एकाच बाजूचं सायनस, घाण वास, तीन-चारदा अँटिबायोटिक. स्कॅनमध्ये सायनसचा तळ एका जुन्या रूट कॅनाल केलेल्या दाढेच्या मुळाशी फुटलेला, आणि बरोबर त्यावर सूज चढलेली. दाढ पुन्हा उघडून ती राहिलेली नळी साफ केली, काही महिन्यांत नाक मोकळं झालं. एकाच बाजूचं सायनस वारंवार होत असेल तर वरच्या दाढा तपासून घ्या, एवढं मात्र मी सगळ्यांना सांगतो.

तेच यंत्र फसवतं कुठे, तेही सांगायला हवं. धातूची कॅप, चांदीचं सिमेंट, मुळात घातलेली पोस्ट यांच्या शेजारी कापांवर काळे-पांढरे पट्टे उठतात. रूट कॅनाल झालेल्या दातात उभी चीर आहे का, असं विचारून डॉक्टर पेशंट पाठवतात आणि मला बऱ्याचदा लिहावं लागतं की चीर थेट दिसत नाही, मुळालगतचं हाड ज्या पद्धतीने खाल्लं गेलंय त्यावरून शंका आहे. काळ्या पट्ट्याला चीर समजून चांगला दात काढला गेल्याचं मी पाहिलंय. पेशंट हलला की सगळ्याच कडा दुहेरी येतात. हात थरथरणाऱ्या आजोबांचा स्कॅन मी बसवून, डोक्याला पट्टा बांधून घेतो.

आपल्याकडची एक गोष्ट परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाही. गुटखा-मावा खाऊन तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही, असे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात, त्यांत पंचविशीची पोरंही असतात. तोंडात सेन्सर जातच नाही. दाढ कितपत किडलीय हेसुद्धा बाहेरूनच बघावं लागतं, मग ओपीजी आणि गरज पडली तर छोटा स्कॅन. इथे दातांच्या डॉक्टरला दुसरा मार्गच नसतो.

आणि २०२१ चा उन्हाळा. कोविडमागोमाग म्युकरची लाट आली तेव्हा वरचा जबडा कुजलेले पेशंट महाराष्ट्रभर होते. मघाशी म्हटलं तो मऊ मांसाबाबतचा आंधळेपणा त्या वेळी नडला. सीबीसीटीत हाड खाल्लेलं दिसायचं, पण हाड खाल्लं जायच्या आत बुरशी डोळ्याकडे, मेंदूकडे सरकलेली असायची, आणि ते एमआरआयवरच कळायचं. 'आधी सीबीसीटी करून बघू' म्हणून दोन दिवस घालवणं परवडणारं नव्हतं. वर्षभराने तेच पेशंट वेगळ्या कारणासाठी परत आले. अर्धा टाळू नाही, कवळी टेकवायला जागा नाही. तेव्हा मात्र सीबीसीटीचे काप आणि त्यावरून छापलेले जबड्याचे नमुने उपयोगी पडले, गालाच्या हाडात लांब इम्प्लांट कुठून घालायचे हे ठरवायला.

आता रेडिएशन. एका वर्षात माती, हवा, आकाश आणि अन्न यांतून माणसाला जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (२,४०० मायक्रोसिव्हर्ट) किरणोत्सर्ग मिळतोच, म्हणजे दिवसाला सहा-सात मायक्रोसिव्हर्ट. ओपीजीला साधारण २० धरा, तीन दिवसांचा. छोट्या भागाच्या सीबीसीटीला काही दशक मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे आठवडा-दोन आठवड्यांचा. पूर्ण चेहऱ्याच्या मोठ्या स्कॅनला काही शेकडे, महिना-दीड महिन्याच्या हिशेबात. डोक्याचा मेडिकल सीटी हजार-दोन हजारांत जातो. यंत्रायंत्रात फरक मोठा आहे, म्हणून आकडे अंदाजानेच घ्या. आईंच्या वयात आणि त्यांच्या गरजेपुढे हा धोका फारच छोटा आहे. मुलीचं वय कोवळं, पेशी झपाट्याने वाढतायत, पुढे सत्तर वर्षं आयुष्य आहे. तिच्या बाबतीत म्हणून हात आखडता. गरोदरपणात, घाई नसेल तर, मी पुढे ढकलायला सांगतो.

शिशाच्या ॲप्रनबद्दल लोक हटकून विचारतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी ॲप्रन आणि थायरॉइड कॉलरची गरज नाही असं सांगितलं. झोत जागेवर नीट रोखलेला असला की बाकी अंगावर नगण्य पडतं, आणि कॉलर चित्राच्या आड आली तर फोटो पुन्हा काढावा लागतो. तरी कुणाला धीर वाटत असेल आणि आड येत नसेल तर मी ॲप्रन घालतो. त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे ते सेंटर एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, नियमांत बसणारं आहे ना. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, बघायला संकोच नको.

स्कॅनला जाताना चिठ्ठीवर प्रश्न लिहून आणा, ही माझी कळकळीची विनंती. 'सीबीसीटी प्लीज' एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर मी काय शोधू? '३६, ३७ इम्प्लांट, नसेपासून अंतर आणि रुंदी' असं लिहिलं (३६, ३७ हे खालच्या डावीकडच्या दोन दाढांचे नंबर) की स्कॅनचं क्षेत्र लहान ठेवता येतं, किरण कमी, पैसेही कमी. आमच्याकडे ओपीजी पाचशेच्या आसपास, एका जबड्याचा स्कॅन साधारण दीड ते अडीच हजार. गावोगावी फरक असेल. घरी येताना नुसते छापलेले फोटो घेऊन येऊ नका. सगळे काप असलेली स्कॅनची मूळ डायकॉम फाइल पेनड्राइव्हवर किंवा लिंकने मागून घ्या, ती तुमची आहे. उद्या डॉक्टर बदलला, दुसरं मत घ्यायचं झालं, तर पुन्हा स्कॅन काढावा लागणार नाही. आणि सही असलेला लेखी रिपोर्ट मागा, ज्यात विचारलेल्या दातापलीकडचंही वाचलेलं असेल. दातासाठी काढलेल्या स्कॅनच्या कोपऱ्यात सायनसमधली गाठ मला सापडली आहे, आणि डॉक्टरचं लक्ष फक्त त्यांच्या इम्प्लांटच्या जागेवर होतं. व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा तिरका फोटो पाठवून 'सर, बघा ना, जमेल का?' विचारणाऱ्या डॉक्टर मित्रांनाही हेच सांगणं: एका कापावरून मी काही सांगणार नाही, सगळे काप पाठवा.

आईंच्या डॉक्टरांना एवढंच विचारा की खालचा डावा भागच पुरेल ना, पुरायला हवा. तेवढ्यासाठी मंगळसूत्र काढायची गरज सहसा पडत नाही, मानेवर मागे सरकवून ठेवलं की झालं. कुड्या मात्र घरीच ठेवून या. आमच्या काउंटरवरच्या वाटीत आतापर्यंत तीन विसरून गेलेल्या सापडल्या आहेत, आणि त्यांतली एक अजून न्यायला कुणी आलेलं नाही.